ओपनएएल सॉफ्ट : रिलीज बिल्डच्या कसोटीवर

ओपनएएल सॉफ्ट ही गेममधला आवाज वाजवणारी लायब्ररी, म्हणजे ओपनएएल या ध्वनी-इंटरफेसची मुक्तस्रोत आवृत्ती, त्रिमितीय आवाजासाठी ओळखली जाते. इथे मात्र मी तिला एकाच कसोटीवर पाहणार आहे: मुक्तस्रोत गेमचा तयार बिल्ड (कोडपासून बनवलेली चालवण्याजोगी प्रत) अनोळखी यंत्रावर विनातक्रार वाजतो का? बहुतेक वेळा वाजतो, आणि याचे श्रेय तिच्या रचनेला आहे. पल्सऑडिओ, पाइपवायर, अल्सा या लिनक्सवरील ध्वनिप्रणालींपैकी कशाशीही ती बिल्डच्या वेळी घट्ट जोडली जात नाही. गेम सुरू झाल्यावर समोर जे सापडेल ते ती उघडते. त्यामुळे लिनक्सच्या प्रत्येक वितरणासाठी वेगळा बिल्ड काढण्याची वेळ येत नाही.

मात्र याच सोयीत तिची सर्वांत मोठी खोच दडलेली आहे. बिल्डच्या कंटेनरमध्ये (बिल्ड जिथे बनतो त्या बंदिस्त वातावरणात) पल्सऑडिओशी जोडण्यासाठी लागणाऱ्या हेडर फाइली नसतील, तर बिल्डची मांडणी करणारे सीमेक हे साधन अडून बसत नाही. ते पल्सऑडिओचा बॅकएंड, म्हणजे त्या ध्वनिप्रणालीशी बोलणारा लायब्ररीचा भाग, मुकाट्याने वगळते आणि बिल्ड हिरवा (यशस्वी) दाखवून मोकळे होते. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी देणारी ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवूनही काही कळत नाही, कारण गेम चालू असताना उघडल्या जाणाऱ्या लायब्ऱ्या त्या यादीत मुळातच दिसत नाहीत. सगळेच बॅकएंड असे गळाले, तर गेम व्यवस्थित चालतो, फक्त मुका असतो. ठरावीक बॅकएंड सक्तीचा करणारे ‘रिक्वायर’ पर्याय सीमेकमध्ये आहेत, परंतु ते मुळात बंद असतात. माझ्या मते रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये ते चालू नसणे हा निष्काळजीपणाच आहे. सोबतच्या ‘ओपनएएल-इन्फो’ या छोट्या साधनाने उपलब्ध ध्वनी उपकरणे एकदा पाहून घेणेही बरे.

विंडोजवर काम सरळ आहे: लायब्ररीची डीएलएल फाइल गेमच्या शेजारी ठेवावी, म्हणजे ओपनएएल सॉफ्टच्या एलजीपीएल या मुक्त परवान्याची लायब्ररी बदलू देण्याची अटही सहज पाळली जाते. मॅकवर जरा सावध राहावे लागते. ॲपलने स्वतःचे ओपनएएल २०१९ मध्ये, मॅकओएस १०.१५ पासून, कालबाह्य ठरवले असले तरी ते प्रणालीत राहिले, आणि ओपनएएल सॉफ्टचा मार्ग स्पष्ट दिला नाही तर सीमेक तेच उचलू शकते.

ओपनएएल सॉफ्टच्या १.२० या आवृत्तीपासून अंतर्गत कोड सी++ मध्ये गेल्याने सी भाषेतील गेमच्या पदरातही सी++ ची रनटाइम लायब्ररी पडते. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर चालणारा बिल्ड हवा म्हणून जुने वितरण वापरणाऱ्यांना तिथला कंपायलर अपुरा पडू शकतो, हेही लक्षात घ्यावे.

ओपनएएल सॉफ्ट ध्वनीच्या फाइली उलगडून देत नाही, ही उणीव मला व्यवहारात जास्त जाणवते. त्यासाठी ध्वनिफाइली वाचणारी लिबएसएनडीफाइल ही लायब्ररी जोडली, की तिच्यामागून फ्लॅक, ऑग, व्हॉर्बिस, ओपस आणि तिच्या १.१.० आवृत्तीपासून एमपीथ्रीसाठी एमपीजी१२३ व लेम अशी इतर लायब्ऱ्यांची वरातच येते. गेममधला सगळा आवाज ऑग व्हॉर्बिसमध्येच असेल, तर एसटीबी व्हॉर्बिस ही एकाच फाइलची सार्वजनिक अधिकारातील लायब्ररी थेट स्रोतात ठेवावी. स्थानसापेक्ष आवाजाची गरजच नसलेल्या द्विमितीय गेमसाठी मात्र मी ओपनएएल सॉफ्टऐवजी मिनीऑडिओ ही लायब्ररी सुचवेन: तीही बॅकएंड गेम चालू असताना शोधते आणि वॅव्ह, फ्लॅक, एमपीथ्री स्वतःच वाचते.