प्रिंटर माझा, हुकूम कंपनीचा: 'मोफत शाई'च्या ऑफरला हात लावण्याआधी हे वाचा

आधी कामाचं सांगतो, माझं रडगाणं नंतर. नवीन प्रिंटर सेटअप करताना तो कार्डचा नंबर मागायला लागला की तिथेच थांबा. 'फक्त व्हेरिफिकेशनसाठी' असं लिहिलेलं असलं तरी थांबा. कागदावर चार ओळी छापायला बँकेचं कार्ड लागत नाही.

आता झालं काय ते. कंपनीचं नाव टाकत नाहीये. एक तर नोटीस-बिटीस नको, आणि दुसरं म्हणजे थोड्याफार फरकाने सगळ्यांचं हेच चाललंय, एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात. घरी एक इंकजेट घेतला. मुलांचे प्रोजेक्ट, एखादा फॉर्म, कधीतरी तिकीट, एवढंच काम. बॉक्सवर मोठ्ठं लिहिलेलं की पहिले सहा महिने शाई मोफत. आता मला कोणी भोळा म्हणू नका, फुकट काही नसतं हे मलाही कळतं. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि शाईत वसूल करायचं हा धंदा जगजाहीर आहे आणि मी तो हिशोब करूनच घेतला होता, की सहा महिने त्यांची शाई वापरू, मग बाहेरची कार्ट्रिज टाकू, विषय संपला. हिशोब बरोबरच होता. फक्त प्रिंटर आपला आहे असं त्यात धरलेलं होतं.

सेटअपला वायफाय कंपल्सरी. यूएसबीची पिन होती, पण तिच्यावर स्टिकर चिकटवलेला, 'आधी अ‍ॅप डाउनलोड करा'. अ‍ॅपमध्ये अकाउंट, मग मोफत शाईचं पान. 'पुढे' हे बटण निळं, अंगठ्याएवढं. खाली फिकट राखाडी अक्षरात 'आत्ता नको', तेही स्क्रोल केल्यावर दिसणार. निळं दाबलं की कार्ड मागितलं.

इथे, याच ठिकाणी कळायला हवं होतं. हे मी रात्री आडवा पडलो की अजून डोक्यात घोळवतो. शाई मोफत आहे तर कार्ड कशाला? आणि प्रिंटर सतत इंटरनेटवर कशाला हवा, मी काय त्याच्यावर सिनेमा बघणार होतो? पण खरं सांगा, समोर उघडा बॉक्स पडलाय, थर्माकोल सगळीकडे, मुलगी मागे उभी राहून 'झालं का, झालं का' करतेय, अशा वेळी अठ्ठावीस पानांच्या अटी कोण वाचतं? ते पान मुद्दामच अशा वेळी समोर आणतात. नंतर मी त्या अटी वाचल्या. सगळ्या. त्यात एक ओळ आहे, की या योजनेत पाठवलेल्या कार्ट्रिजची मालकी कंपनीकडेच राहील आणि योजना बंद केल्यास ती कार्ट्रिज चालणार नाहीत. चौदाव्या पानावर. बॉक्सवर नाही, अ‍ॅपवर नाही, चौदाव्या पानावर.

सहा महिने झाले आणि मोफतचं आपोआप सशुल्क झालं. एक मेल आला होता म्हणे, जाहिरातींच्या फोल्डरमध्ये. महिन्याला ५० पानांचा प्लॅन. पैसे पानांचे असतात, शाईचे नाही, हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. एका महिन्यात ११ पानं छापली, पैसे ५० चे. एका महिन्यात आम्ही बाहेर होतो, शून्य पानं, पैसे ५० चे. मुलीच्या प्रोजेक्टच्या महिन्यात ६३ झाली तर वरच्या १३ पानांसाठी दहा-दहाचे दोन संच लावले, म्हणजे २० पानांचे पैसे जादा. पूर्ण वर्षाचा हिशोब लावला: ६२० पानांचे पैसे भरले, छापली १८७. कार्डावरून गेलेली रक्कम प्रिंटरच्या किमतीच्या ९४ टक्के. जवळपास अजून एक प्रिंटर आला असता.

मग मी योजना बंद केली. बंद करायचं बटण शोधायलाच पुण्य लागतं, 'तुम्ही खरंच जाताय का', 'तुमचे साठलेले फायदे जातील', असं करत करत शेवटी एकदाचं झालं. बिलाची तारीख उलटली आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटर बंद. स्क्रीनवर एकच ओळ, 'हे कार्ट्रिज वापरता येणार नाही'. आणि त्याच स्क्रीनवर वरती शाईची पातळी दिसतेय: काळी ६१ टक्के, रंगीत ७४ टक्के! कार्ट्रिज बाहेर काढून टिश्यूवर दाबलं, काळाकुट्ट ठिपका पसरत गेला. शाई आहे, ओली आहे, मशीन धडधाकट आहे. फक्त कुठल्यातरी सर्व्हरने नाही म्हटलं म्हणून माझ्या टेबलावरचं यंत्र नाही म्हणतंय. कहर म्हणजे स्कॅनपण करेना. स्कॅनला शाई कशाला लागते हे मला कोणीतरी समजावून सांगा.

(बंद करण्याआधी जे काही छापायचंय ते छापून घ्या. बिलाच्या तारखेपर्यंतच चालतं.)

बाहेरची कार्ट्रिज आणली. चालली. मी खूश. नंतर एका सकाळी प्रिंटर स्वतःच रीस्टार्ट होऊन बसलेला, आणि स्क्रीनवर 'मूळ नसलेली चिप आढळली', म्हणजे कार्ट्रिजवरची चिप बघून त्याने बाहेरचं कार्ट्रिज नाकारलं. रात्रीत फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं होतं. कोणी विचारलं नाही, ऑटो अपडेट सुरूच येतं. अपडेटच्या माहितीत लिहिलंय 'सुरक्षा सुधारणा'. कुणाची सुरक्षा?

हे काही नवीन नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट प्रिंटरांनी एकाच दिवशी, १३ तारखेला, बाहेरची कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली होती. कारण आधीच टाकून ठेवलेलं फर्मवेअर. लोकांनी बोंबाबोंब केल्यावर कंपनीने आम्ही नीट सांगायला हवं होतं म्हणून माफी मागितली आणि ते लॉक काढणारं अपडेट दिलं. माफी नीट न सांगण्याबद्दल होती, करण्याबद्दल नाही. मला हे सगळं आधी वाचून माहीत होतं तरी मी अडकलो, मग ज्याला काहीच माहीत नाही त्याचं काय होत असेल.

सर्व्हिस सेंटरचा प्रकार ऐका. तिथल्या पोराने बघितलं, मशीनमध्ये काही बिघाड नाही म्हणाला. मग चालू कर म्हटलं. म्हणाला सॉफ्टवेअर आमच्या हातात नाही सर, मेन बोर्ड बदलावा लागेल. अंदाज दिला नव्या प्रिंटरच्या किमतीच्या ८३ टक्के. बिघाड नसलेल्या मशीनचा बोर्ड बदलायला ८३ टक्के! वर हळूच म्हणतो, नवीनच घ्या, त्यात पण सहा महिने शाई फ्री आहे. त्याच्यावर मी आवाज चढवला, ते बरोबर नव्हतं, त्या बिचाऱ्याला पगार किती असेल. पण तेव्हा डोकं फिरलं होतं.

आता थोडं कायद्याचं, कारण नंतर मी यातच घुसलो होतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मे २०१७ मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की कंपनीने कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा तिचा पेटंटचा हक्क संपतो, पुढे कोणी ते भरून परत विकलं तर पेटंटच्या नावाने अडवता येत नाही. वाचून मला आनंद झाला. मग लक्षात आलं, माझ्या योजनेत कार्ट्रिज विकलंच नव्हतं ना. विकलं तर हक्क संपतो, मग विकायचंच नाही, वापरायला द्यायचं. घराचे सगळे पैसे घेऊन बिल्डरने किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवावी तसला प्रकार आहे हा, आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. कुलूप आपण तोडायला गेलो तर आपणच गुन्हेगार, अमेरिकेत १९९८ पासून डिजिटल कुलूप तोडण्याविरुद्ध कायदा आहे, काही अपवाद सोडले तर.

आणि हे शाईपुरतं नाही. माझ्या भावाने एका सिनेमांच्या स्टोअरवर ६४ सिनेमे घेतले होते, भाड्याने नाही, घेतले होते. त्यातले ११ एक दिवस यादीतून गायब. उत्तर काय, तर परवाना संपला. प्लेस्टेशनवाल्यांना २०२३ च्या डिसेंबरमध्ये असंच कळवलं होतं की डिस्कव्हरीचे पैसे देऊन घेतलेले कार्यक्रम लायब्ररीतून जाणार. आरडाओरडा झाल्यावर नवा करार झाला आणि ते टळलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांची पुस्तकं गेली, पैसे मात्र परत दिले, ज्यांनी पुस्तकात टिपा लिहिल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर. टिपा गेल्याच. पण निदान पैसे तरी. माझ्या भावाला मिळाला भोपळा. परत विकायला जाल तर तेही नाही, युरोपच्या कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगून टाकलंय की वापरलेलं ई-पुस्तक परवानगीशिवाय परत विकता येत नाही. कागदी पुस्तक विका खुशाल.

जे सिनेमे, गाणी, पुस्तकं डीआरएमशिवाय, म्हणजे डिजिटल कुलपाशिवाय, डाउनलोड होतात ती तशीच घ्या आणि स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा. दोन हार्डडिस्कवर.

बरं, तक्रार. आता इथे माझा खरा संताप आहे. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, बिलं, स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. तिकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, मला वाटलं चला, कोणीतरी आहे. त्यांनी काय केलं तर माझी तक्रार त्याच कंपनीला पाठवली. कंपनीने जे उत्तर मला आधीच मेलवर दिलं होतं तेच शब्दशः त्यांना दिलं, स्वल्पविरामसुद्धा तोच, आणि माझ्या तक्रारीसमोर हिरवा शिक्का, 'निकाली'. कुणाच्या बाजूने निकाली? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडूनच निकाल लिहून घ्यायचा असेल तर हेल्पलाइन हवी कशाला! फेरविचार मागितला तर फॉर्ममध्ये कारणांची यादी, त्यात 'वस्तू सदोष', 'वस्तू मिळाली नाही', 'जादा पैसे घेतले'. 'वस्तू चांगली आहे पण कंपनीने मुद्दाम बंद केली' असं कारणच नाही. 'इतर' निवडलं तर दोनशे अक्षरांची मर्यादा. बँकेत गेलो, की बाबा हे पैसे कापणं चुकीचं होतं, तर म्हणे परवानगी तुम्हीच दिलीत. सायबरवाल्यांकडे गेलो तर तिथला साहेब हसला, म्हणाला ही फसवणूक नाही, हा करार आहे, दिवाणी बाब आहे. चोराने सही घेऊन चोरी केली की ती चोरी राहत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. ग्राहक कोर्टात जा म्हणतात सगळे. वकिलाची फी प्रिंटरच्या किमतीपेक्षा जास्त आहे आणि हे कंपनीला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे, त्यांचा सगळा धंदाच त्या फरकावर उभा आहे.

बाहेर सगळं आलबेल आहे असंही नाही. फ्रान्समध्ये २०१५ पासून वस्तूचं आयुष्य मुद्दाम कमी करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षं कैद आणि ३ लाख युरो दंड. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या एका ग्राहक संघटनेने प्रिंटर कंपन्यांविरुद्धच तक्रार केली होती. अ‍ॅपलला जुने आयफोन हळू होतात हे नीट न सांगितल्याबद्दल २०२० मध्ये तिथेच अडीच कोटी युरो दंड झाला. युरोपच्या दुरुस्तीच्या हक्काच्या नियमात, जो ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा ठरला, वॉशिंग मशीन आहे, फ्रिज आहे, मोबाइल आहे, वेल्डिंगचं यंत्रसुद्धा आहे. यादी मी वरून खाली वाचली. प्रिंटर नाही.

अजून काही, सुचेल तसं लिहितो. प्रिंटर यूएसबीनेच जोडा, वायफायचा पासवर्ड देऊच नका. बॉक्सवर 'इंटरनेट जोडणी आवश्यक' बारीक अक्षरात असेल तर खाली ठेवा. महिन्याला पन्नासच्या आत छापत असाल तर बाहेर दुकानात छापून आणा, लाज वाटायचं कारण नाही. नाहीतर जुना साधा लेझर बघा, त्याची पावडर वाळत नाही. ऑटो अपडेट आधी बंद, कार्ट्रिज नंतर. ऑफरच्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढा, कारण माझ्या ऑफरचं पान आता साइटवर बदललंय आणि कंपनी म्हणते अटी पहिल्यापासून तिथेच होत्या. आणि ते काळी ६१ टक्के वगैरे आकडे, बऱ्याच कार्ट्रिजमध्ये ते शाई मोजून येत नाहीत, किती थेंब उडवले त्याचा चिप अंदाज लावते, तेव्हा 'शाई संपली' म्हटल्यावरही लगेच विश्वास ठेवू नका.

काल कंपनीचा मेल आला. आमची कार्ट्रिज परत पाठवा, लिफाफा सोबत पाठवत आहोत, आणि पुढच्या प्रिंटरवर १० टक्के सूट, ३० दिवसांसाठी. पाठवणार नाही. या मॉडेलांवर जुनं फर्मवेअर परत चढवून कोणाचा प्रिंटर चालू झालाय का? झाला असेल तर कसं केलं ते सविस्तर सांगा, कंपनीच्या साइटवर फक्त नवीनच ठेवलंय.