लाळेची चाचणी की मोडीतले कागद?

गणपतीला सगळे गावी जमले की मूळ गावाचा आणि मूळ पुरुषाचा विषय निघतोच. हल्ली त्यात कोणीतरी डीएनए किटचं नावही काढतं. मागवण्याआधी आपला प्रश्न नेमका कोणता ते ठरवा. बाजारातल्या तीन चाचण्या तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि काही प्रश्नांना तिन्हींकडे उत्तर नाही.

जातीचा दाखला किंवा जमिनीचा वारसा हवा असेल तर किट मागवूच नका. पडताळणी समिती कागद बघते: इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. तेच पैसे शाळेच्या जुन्या रजिस्टरची नक्कल, गाव नमुना 14 (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) आणि मोडी वाचणाऱ्याची फी यावर घाला. कुणबी की भंडारी हे कुठल्याच गुणसूत्रावर लिहिलेलं नसतं. पितृत्वाचा वाद कोर्टात असेल तर कोर्टाच्या आदेशाने, साक्षीने घेतलेला नमुना लागतो. घरच्या किटला तिथे कोणी विचारत नाही.

हरवलेली शाखा शोधायची असेल तर ऑटोसोमल चाचणी. ती डीएनएवरच्या सहा-सात लाख जागा वाचते आणि आई-वडील दोघांकडची नाती दाखवते, पण तिची नजर लांब पोचत नाही. ज्यांचे आजोबा सख्खे भाऊ, त्यांच्यात जुळणी दिसतेच. पणजोबा सख्खे भाऊ असतील तर दहातल्या नऊ जोड्यांत दिसते, खापरपणजोबा असतील तर जवळपास निम्म्यांत काहीच सापडत नाही. म्हणून पैसे एकाच किटचे असतील तर नातवाची नको, आजीची चाचणी करा. दोन पिढ्या फुकट मिळतात.

मॉरिशसला गेलेल्या शाखेचं उदाहरण घ्या. 1834 पासून गिरमिटिया म्हणजे करारावर नेलेले मजूर तिकडे जाऊ लागले, त्यात रत्नागिरी-सावंतवाडीकडचेही होते. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची रजिस्टरं आहेत. नाव, वडिलांचं नाव, जात, गाव अशा नोंदी सापडतात. एवढ्या पिढ्यांच्या अंतरावर नुसत्या डीएनएवर भिस्त ठेवणं म्हणजे अंधारात दगड. आधी रजिस्टरमधून गाव काढा, मग त्या गावातल्या आणि तिकडच्या सर्वांत वयस्कर माणसांचे नमुने ताडून बघा. आपल्याकडे एक जादा अडचण असते: पाच-पंचवीस गावांतच पिढ्यानपिढ्या सोयरीक झाल्याने डीएनएचे लहान लहान तुकडे सगळ्यांशीच जुळतात आणि नातं आहे त्यापेक्षा जवळचं वाटतं. जुळलेल्या तुकड्यांची बेरीज बघू नका, सर्वांत लांब तुकडा बघा. तो 20 सेंटिमॉर्गनच्या (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजायचं एकक) आत असेल तर ती जुळणी बाजूला ठेवा. आणि किटवाले जुळणारे नातेवाईक दाखवतात की नुसते वंशाचे टक्के, हे आधी विचारा. ‘दक्षिण आशियाई’ एवढंच सांगणाऱ्या टक्क्यांचा उपयोग शून्य.

दोन वाड्यांतली भावकी एकच का, या प्रश्नाला वाय-गुणसूत्राची चाचणी. बापाकडून मुलाकडे जाणारी ही रेषा, त्यामुळे नमुना पुरुषाचाच लागतो. कोकणात ‘कर’ लावलेलं आडनाव गाव सांगतं, रक्त नाही. एकाच आडनावाची तीन कुळं सहज निघतात. दोघांच्या वाय-गुणसूत्राचे मूळ गट (हॅप्लोग्रुप) वेगळे निघाले तर बापाकडून एक मूळ पुरुष नाही, विषय संपला. 37 पैकी 37 मार्कर (गुणसूत्रावरच्या तपासायच्या ठरावीक जागा) जुळले तर मात्र नुसती शक्यता. पिढ्यांचा अंदाज बांधायला 111 घ्यावे लागतात. दत्तक भावकीतलाच असेल तर रेषा टिकते, मुलीचा मुलगा दत्तक घेतला असेल तर तुटते. हे चाचणीआधी विचारून घ्या, नाहीतर घरात नसता संशय शिरतो.

आईकडची मायटोकाँड्रियल चाचणी कुटुंबासाठी सहसा वाया जाते. तिची 16,569 अक्षरं इतक्या सावकाश बदलतात की तंतोतंत जुळणारी पूर्वज हजार वर्षांपूर्वीचीही असू शकते. समाजाच्या इतिहासाला मात्र जनुकशास्त्र उपयोगी पडतं: अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून उतरल्याचं सांगणाऱ्या बेने इस्रायलींमध्ये, म्हणजे कोकणातल्या ज्यूंमध्ये, पश्चिम आशियाई ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वारशांचं मिश्रण 2016 च्या अभ्यासात दिसलं.

लग्नाआधी थॅलेसेमियाची काळजी असेल तर वंशाचं किट नको. एचपीएलसी ही रक्ततपासणी करा. हिमोग्लोबिन ए2 साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेलं की वाहक असण्याची शक्यता. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के.

आपली माहिती म्हणजे भावकीचीही माहिती. 2023 मध्ये ट्वेंटी-थ्री अँड मी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून सुमारे 69 लाख लोकांची माहिती फुटली, 2025 मध्ये तिने दिवाळखोरी मागितली. निकाल उतरवून घ्या, नमुना नष्ट करायला सांगा.

नमुना बिघडतो तो बहुधा घरीच. आजी मशेरी लावत असेल तर साध्या पाण्याने चूळ भरून निदान अर्धा तास तोंडात काही नको, चहासुद्धा. कवळी काढायची. वयस्कर तोंडात लाळ सुटत नाही, म्हणून गालाच्या आतून फिरवायच्या काडीचं किट निवडा. लाळेचंच असेल तर फेस रेघेपर्यंत आला म्हणजे नळी भरली असं नाही, फेसाखालची पातळ लाळ मोजायची. जून ते सप्टेंबर काडी ओली राहिली की बुरशी धरते. सोबतच्या टिकवण द्रवाच्या नळीत लगेच बंद करा आणि त्याच दिवशी टपालात टाका.