लेकीला सायकल: २४ इंची की छोट्या फ्रेमची २६ इंची?

लेक दहा वर्षांची, उंची १४० सेंटिमीटर. घर साताऱ्यात, यवतेश्वर घाटाच्या बाजूला, म्हणजे चढ-उतार रोजचेच. जुनी माउंटन सायकल घ्यायची ठरली आणि चाकांच्या मापाचे दोन पर्याय समोर आले.

२४ इंची आज लगेच बसते. सीट खाली केली की पाय टेकतात, क्रँकही (पेडल जोडलेला दांडा) आखूड असतो. पण लेकरू झपाट्याने वाढतंय.

१३ इंची फ्रेमची २६ इंची जास्त वर्षं पुरेल. मात्र तशीच हातात देऊ नका. मोठ्यांचा १७० मिलिमीटरचा क्रँक काढून १५२ चा बसवा, नाहीतर गुडघे छातीकडे येतात. स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, आखूड घ्या. ब्रेक लिव्हरजवळचा बारीक स्क्रू फिरवून लिव्हर हँडलकडे आणा. हे काम फुकटात होतं, आणि उतारावर सगळ्यात मोलाचं तेच आहे. बोटं ब्रेकपर्यंत पोचलीच पाहिजेत. पुढचे स्वस्त शॉकअप नुसते जड, चढाला पोर दमते. तेवढ्याच उंचीचा साधा, स्प्रिंग नसलेला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मिळाला तर जरूर बदला.

लेकीला २६ इंचीच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं केलं, दांडी आणि जांघेच्या मध्ये तीन बोटं जागा उरली. म्हणून आम्ही २६ घेतली. जागा उरली नसती, तर २४ च.