भाड्याची विमानं, स्वस्त तिकिटं : पाच महिने आधी कोणाचं तिकीट काढावं?

नांदेडला माझं विमान-रेल्वे तिकिटांचं ऑफिस आहे. मागच्या महिन्यात लोहा तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आले. नातीचं लग्न बंगळुरूला, इथून जाणारी माणसं अकरा, तारीख पाच महिन्यांवर. हैदराबादपर्यंत गाडीने आणि तिथून विमानाने, एवढं घरात ठरलेलं. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी दोन आकडे लिहून आणले होते. एक स्वस्तातली लहान कंपनी, दुसरी मोठी. माणशी दोन हजारांचा फरक.

"बावीस हजार वाचायलेत भाऊ. काढून टाकू का?"

मी चहा सांगितला आणि म्हटलं, गुरुजी, थोडं बसा, आधी दोन्ही कंपन्यांची तब्येत बघू. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका गटाची मी अशीच आगाऊ तिकिटं काढून दिली होती. प्रवासाची तारीख यायच्या आधीच ती कंपनी बंद पडली. तिकिटाचे पैसे गेले, माझ्या ऑफिसने त्यांच्याकडे आगाऊ भरलेली रक्कमही गेली. पण लोकांनी पैसे माझ्या हातात दिले होते. ते मी हप्त्याहप्त्याने फेडले. या कंपन्या का बुडतात हे मी तेव्हापासून वाचत आणि बघत आलोय. ज्यांना आगाऊ तिकिटाचा निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ठोका आणि बटई

जगातली निम्म्याच्या आसपास प्रवासी विमानं भाड्याची आहेत. आपल्या देशात हे प्रमाण त्याहून बरंच जास्त. काही विमानांत चढताना दाराच्या चौकटीवर एक छोटी धातूची पट्टी दिसते. हे विमान अमुक कंपनीच्या मालकीचं असून भाडेपट्ट्याने दिलेलं आहे, असं तिच्यावर कोरलेलं असतं. शेपटीवर रंगवलेलं नाव भाडेकरूचं, मालकाचं नाव त्या पट्टीवर.

जमीन कसायला घ्यायच्या दोन रीती आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. बटईत पिकेल त्यातला वाटा मालकाला जातो. ठोक्यात रक्कम आधीच ठरलेली असते. पाऊस पडो न पडो, सोयाबीन निघो न निघो, मालकाचे पैसे द्यायचेच. विमानाचं भाडं हे ठोक्याचं असतं. विमान दिवसाला बारा तास उडालं तरी तेवढंच आणि इंजिन बिघडून विमानतळाच्या कोपऱ्यात उभं राहिलं तरी तेवढंच. वर अनामत रक्कम. बऱ्याच करारांत पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी उड्डाणाच्या तासांप्रमाणे वेगळे पैसे बाजूला ठेवावे लागतात. करार संपला की विमान ठरलेल्या अवस्थेत परत द्यायचं, आणि त्या दुरुस्तीचं बिल मोठं असतं. कोरोनाच्या काळात काही मालकांनी तासावर भाडं घ्यायचं कबूल केलं, म्हणजे तेवढ्यापुरती बटई झाली. पण ती अडचणीतली सवलत होती.

दुसरी गोष्ट मला जास्त घातक वाटते. कमाई रुपयांत आणि ठोका डॉलरमध्ये. समजा एका विमानाचं भाडं महिन्याला ३ लाख डॉलर आहे. २०११ च्या मध्याला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे भाडं झालं १ कोटी ३५ लाख. जून २०१२ मध्ये डॉलर ५७ पर्यंत गेला. तेच भाडं १ कोटी ७१ लाख. विमान तेच, सीट तेवढ्याच, आणि महिन्याला ३६ लाख जास्त. दहा विमानं असतील तर ३ कोटी ६० लाख. किंगफिशरचा पाय घसरला तो याच काळात. त्यांची इतरही दुखणी होती, कर्ज होतं, एअर डेक्कन विकत घेतल्याचं ओझं होतं. पण डॉलर असा चढत असताना आजारी कंपनीला उभं राहायला जागा उरत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांची विमानं जमिनीवर आली ती पुन्हा उडाली नाहीत.

ठोक्याच्या शेतात आणि विमानात आणखी एक फरक आहे. मालकाला वावर उचलून नेता येत नाही, विमान नेता येतं. करार करतानाच भाडेकरूकडून एक पत्र सही करून घेतलेलं असतं: पैसे थकले तर या विमानाची इथली नोंदणी रद्द करा आणि ते देशाबाहेर न्यायला परवानगी द्या. धंद्यातले लोक त्याला आयडेरा म्हणतात. भाडं थकलं की मालक ते पत्र डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे देतो.

एकच इंजिन, दोन कंपन्या

इथवर वाचून वाटेल की भाड्याची विमानं म्हणजे धोका आणि स्वतःची म्हणजे खात्री. तसं नाही. गो फर्स्ट आणि इंडिगो शेजारी शेजारी ठेवून बघा. गो एअर म्हणून पहिली कंपनी २००५ मध्ये सुरू झाली, दुसरी २००६ मध्ये. दोघींकडे एअरबस ए३२० जातीची विमानं, बहुतेक भाड्याची. नव्या विमानांना दोघींनी प्रॅट अँड व्हिटनीचं तेच इंजिन घेतलं, आणि त्या इंजिनाने दोघींनाही त्रास दिला.

गो फर्स्टकडे ५४ विमानं होती, जवळजवळ सगळी याच इंजिनावर. मे २०२३ पर्यंत त्यातली निम्मी जमिनीवर आली होती. निम्म्या विमानांची कमाई आणि सगळ्या विमानांचा ठोका, असा तो हिशोब. २ मे २०२३ ला कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं थांबली. कंपनीने इंजिनवाल्यांना दोष दिला. इंजिनवाल्यांचं म्हणणं होतं की ही कंपनी आधीपासूनच पैसे थकवत आली आहे. मला दोन्हींत तथ्य दिसतं.

इंडिगोची त्याच इंजिनामुळे २०२४ च्या सुरुवातीला सत्तरहून जास्त विमानं उभी होती. म्हणजे गो फर्स्टच्या अख्ख्या ताफ्यापेक्षा जास्त. तरी कंपनी बुडाली नाही. गाठीला रोकड होती, उडणारी विमानं उभ्या विमानांच्या कितीतरी पट होती, आणि २०१९ मध्येच त्यांनी पुढच्या २८० विमानांसाठी दुसऱ्या कंपनीचं इंजिन निवडलं होतं. सगळं बियाणं एकाच दुकानातून घेतलं नव्हतं.

म्हणून मी आता फक्त विमान कोणाचं, एवढं विचारत नाही. चार महिने विमानं उभी राहिली तर ठोका कुठून भरणार, हे विचारतो.

विकून परत भाड्याने

स्वस्त कंपन्यांच्या धंद्यातली ही खुबी समजल्याशिवाय त्यांचं चढणं आणि पडणं कळत नाही. कंपनी शंभर विमानं एकदम मागवते, त्यामुळे कारखाना घसघशीत सूट देतो. इंडिगोने २००५ मध्ये, पहिलं विमान उडायच्या आधीच, शंभर विमानांची ऑर्डर दिली होती. विमान तयार झालं की कंपनी ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला बाजारभावाने विकते आणि त्याच दिवशी तेच विमान काही वर्षांसाठी भाड्याने घेते. मधला फरक रोख हातात पडतो. मोठ्या दुरुस्तीची वेळ यायच्या आत विमान परत जातं आणि जागी नवं येतं.

वावर विकायचं आणि तेच ठोक्याने कसायचं, असा हा प्रकार. शेतकऱ्याने केलं तर आपण त्याला हटकू. विमान कंपनीला ते जमतं, पण एका अटीवर: नवं विमान येतच राहिलं पाहिजे. येणाऱ्या विमानाच्या रोखीवर मागच्यांचा खर्च चालतो. गो फर्स्टकडेही १४४ विमानांची ऑर्डर होती. पण इंजिनं मिळेनात म्हणून नवी विमानं येईनात, रोख येणं थांबलं आणि जुन्यांचं भाडं मात्र सुरूच राहिलं. ऑर्डरचा मोठा आकडा पेपरात वाचून मी आता हुरळून जात नाही. गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष किती विमानं आली, ते बघतो.

स्पाइसजेट या दोघींच्या मधली. डिसेंबर २०१४ मध्ये तेल कंपन्यांनी उधारीवर इंधन द्यायला नकार दिला आणि तिची विमानं काही तास जागेवर उभी राहिली. जुने मालक अजय सिंग परत आले, त्याच सुमारास तेलही स्वस्त झालं, कंपनी तगली. पुढे पुन्हा विमानमालक आणि इंजिनमालक कोर्टात गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने ३,००० कोटी रुपये उभे केले, त्यातून थकबाकीही मिटवावी लागली. कंपनी जगू शकते, पण आकसून.

आपल्या धावपट्ट्यांवर

मोठ्या शहरात एक कंपनी गेली तर दुसरी असते. आपल्याकडे तसं नाही. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेची, म्हणजे लहान शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेची, पहिली विमानं सुटली, त्यात शिमला आणि कडप्पाबरोबर नांदेड होतं. ट्रुजेटचं हैदराबाद–नांदेड विमान. तो दिवस मला आठवतो. ऑफिसात फोन ठेवायला वेळ नव्हता. ट्रुजेटकडे मोजकी एटीआर, म्हणजे लहान पंख्याची विमानं, तीही भाड्याची. अशा कंपनीची दोन विमानं कमी झाली की वेळापत्रकातून पहिल्यांदा लहान गाव गळतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रुजेटची उड्डाणं थांबली. स्टार एअर नांदेडला आली ती २०२४ मध्ये.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर जेट एअरवेजचं असंच झालं. जेट स्वस्तातली कंपनी नव्हती, पण शेवट त्याच दारातून झाला. भाडं थकलं, मालकांनी विमानं एकेक करून थांबवली, वेळापत्रक आक्रसत गेलं आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसर–मुंबई हे शेवटचं विमान उडालं.

आता कायदाही बदललाय, आणि त्याचा परिणाम प्रवाशाने समजून घ्यायला हवा. गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली तेव्हा मालकांना आपली विमानं वर्षभर परत मिळाली नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये आदेश दिला तेव्हा ती सुटली. मधल्या काळात भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्या भारताबद्दल सावध झाल्या. केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून दिवाळखोरीच्या स्थगितीतून (ती असेपर्यंत कंपनीकडची वस्तू कोणाला उचलून नेता येत नाही) विमानं आणि इंजिनं वगळली, आणि २०२५ मध्ये संसदेने विमानांवरच्या मालकांच्या हक्कासाठी स्वतंत्र कायदा केला. हे योग्यच झालं. मालकाला भरवसा वाटला तर भाडं कमी राहील आणि तिकीटही. पण आता विमानं लवकर परत जातील, म्हणून अडचणीतली कंपनी पूर्वीपेक्षा झटकन बंद पडू शकते. रखडत चालण्याचे जे चार-सहा महिने पूर्वी मिळायचे, ते मिळतीलच असं धरून चालू नका.

स्वतःची विमानं असली तर

आयर्लंडच्या रायनएअरने जानेवारी २००२ मध्ये, अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर कोणी विमान घ्यायला तयार नसताना, १०० बोइंग ७३७ मागवली. पडत्या भावात घेतलेली, पैसे फेडून मोकळी केलेली विमानं. वाईट वर्षात ती उभी राहिली तरी दारात कोणी ठोका मागायला येत नाही. याउलट भाड्याच्या विमानांवर चालणारी आइसलँडची वॉव एअर : २८ मार्च २०१९ ला एका सकाळी बंद, प्रवासी विमानतळांवर अडकलेले. पण कर्जावर घेतलेलं विमान म्हणजे स्वतःचं नव्हे, तिथे मालकाच्या जागी बँक येते. सुरुवातीलाच स्वतःची विमानं घ्यायची तर भांडवल एवढं लागतं की नवी कंपनी निघणारच नाही. भाड्याची विमानं नसती तर नांदेडला २०१७ चं ते विमानही आलं नसतं, हे मी मान्य करतो.

तिकीट काढताना

मी गिऱ्हाइकाला हे सांगतो. प्रवास तीन-चार आठवड्यांत असेल आणि लहान कंपनीचं विमान सध्या रोज वेळेवर जात असेल, तर खुशाल घ्या. आपल्या भागाला तिची गरजही आहे. पाच-सहा महिने पुढचं असेल, माणसं जास्त असतील, तारीख हलवता येत नसेल, तर मोठी कंपनी. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचीही हजारो उड्डाणं रद्द झाली, वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांची तयारी कमी पडली म्हणून. लोकांचे फार हाल झाले. पण तिकिटाचे पैसे परत आले. बंद पडलेल्या कंपनीकडून ते येत नाहीत, कारण दिवाळखोरीत प्रवासी आणि एजंट असुरक्षित धनको, म्हणजे हातात काही तारण नसलेले देणेकरी, ठरतात आणि त्यांचा नंबर बँकांच्या फार मागे लागतो.

पैसे क्रेडिट कार्डाने भरा. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे तक्रार करून रक्कम उलटवता येते. त्याला मुदत असते, म्हणून लगेच करा.  डीजीसीए दर महिन्याला कोणत्या कंपनीची किती उड्डाणं रद्द झाली ते जाहीर करतं, ते बघा. कंपनी शेअर बाजारात असेल तर तिच्या निकालाखाली लेखापरीक्षकाने कंपनी पुढे चालण्याबद्दल शंका लिहिलीय का, ते बघा. ठरलेली उड्डाणं आठवड्याला दोन-दोनने गळू लागली, दुपारचं विमान सकाळच्यात मिसळलं, की समजा विमानं कमी पडताहेत. माझ्या अनुभवात ही खूण बातमीच्या कितीतरी आधी दिसते.

गुरुजींनी सगळं ऐकून वही पुन्हा उघडली. अकरा जणांतले सहा साठीच्या पुढचे. त्यांना हैदराबादपर्यंत पाच-सहा तास गाडीत आणि मग विमानतळावर ताटकळत बसवण्यापेक्षा नांदेड–बंगळुरू रेल्वेचा एसी डबा बरा, असं त्यांचं त्यांनाच सुचलं. सुट्टी कमी असलेल्या पाच जणांची तिकिटं मोठ्या कंपनीची, मुलाच्या कार्डावर, तिथेच बसून काढली. दहा हजार जास्त गेले. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले, वहीत ती तारीख लिहिली, भोवती लाल पेनने गोल केला आणि खाली लिहिलं, "सकाळी आठच्या आत यायचं."