जुन्या ईएस-३४५ चे आठ महिने: नवे सुटे भाग, जुनं वायरिंग

गिटार घरी आणली त्याच रात्री एक पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबकी यंत्र) बंद निघाला. टॉगल (पिकअप निवडायचा खटका) खालीवर करून पाहिला, केबल बदलली, काही नाही. १९६७ ची गिब्सन ईएस-३४५, कॅलामझूच्या कारखान्यातली, आमच्या शिकागोपासून अडीच तासांवर जन्मलेली. मागच्या कुणा मालकाने ग्रोव्हर कंपनीच्या खुंट्या बसवायला हेडस्टॉकची (गिटारच्या डोक्याची) भोकं मोठी केली होती, म्हणून परवडली. विकणारा 'सगळं चालतं' म्हणाला होता. त्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि बदली पिकअप शोधत बसलो.

इथल्या मंडळाच्या गणपतीत बेस वाजवणाऱ्या मित्राला फोन केला, तर तो हसायलाच लागला. "अरे, ३४५ ना? मग बिघडलेली नाही, स्टिरिओ आहे ती." खरंच होतं. या मॉडेलमध्ये दोन्ही पिकअप एकाच जॅकमधून, पण वेगवेगळ्या तारांनी बाहेर येतात. साधी मोनो केबल घातली की त्यातली एक तार थेट अर्थला टेकते आणि तो पिकअप गप्प होतो. जॅकमध्ये स्टिरिओ पिन घालून मल्टीमीटर लावला. दोन्ही पिकअप साडेसात किलोओहमच्या आसपास, ठणठणीत. पिकअपचे पैसे वाचले.

दोन महिने वाय-केबल (एका पिनमधून दोन फाटे काढणारी) आणि दोन अँप घेऊन हिंडलो. मग कंटाळलो आणि तयार मोनो हार्नेस, म्हणजे आतलं सगळं वायरिंग, मागवला: ५०० केचे (किलोओहमचे) चार पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या घुंड्यांखालचे फिरते भाग), टॉगल, जॅक, सगळं आधीच सोल्डर केलेलं. हार्नेस चांगला आहे, पॉटही छान फिरतात. पण तो आत घालणं म्हणजे परीक्षा. अशा सेमी-हॉलो, म्हणजे अर्धवट पोकळ, गिटारला मागे झाकण नसतं. जे जायचं ते एफ-होलमधूनच (पुढच्या 'f' आकाराच्या फटीतून). प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधायचा, तो एफ-होलमधून आत सोडून आपापल्या भोकातून वर काढायचा आणि हळूहळू ओढायचं. परकरात नाडी ओवण्याचाच प्रकार, फक्त नाड्या सहा. पहिल्या खेपेला वायरवरच्या शिल्डिंगची उघडी जाळी टॉगलच्या पत्तीला टेकली आणि आवाजच गेला. सगळं परत बाहेर. दुसऱ्या खेपेला जाळीवर श्रिंक ट्यूब चढवूनच आत घातलं.

एवढं करून टॉगल मध्यावर ठेवला, तर आवाज नाकात बोलल्यासारखा, पातळ. एका पिकअपचा चुंबक उलटा होता, त्यामुळे मोनोत दोघे एकमेकांना खोडत होते. फ्लीटवूड मॅकच्या पीटर ग्रीनच्या लेस पॉल गिटारचा तो प्रसिद्ध आवाज यातूनच आला, पण माझ्या हातात तो सर्दी झाल्यासारखा वाटतो. पिकअपच्या कव्हरचं सोल्डर सोडवलं, तळाचे चार स्क्रू ढिले केले, चुंबक बाहेर सरकवला आणि स्क्रूच्या रांगेकडची कड स्लगच्या (पलीकडच्या गुळगुळीत खिळ्यांच्या) रांगेकडे करून परत घातला. वीस मिनिटांचं काम, धीर गोळा करायला दोन आठवडे. आता मधला आवाज भरदार येतो.

जुन्या हार्नेसबरोबर व्हॅरिटोन मात्र गेला. सहा टप्प्यांचा तो रोटरी स्विच, चोक आणि कपॅसिटर लावून आवाजातला एकेक पट्टा कापणारा. लोक त्याला नावं ठेवतात. मला दुसरा-तिसरा टप्पा आवडायचा. सहावा जुन्या ट्रान्झिस्टरसारखा. त्याचं भोक उघडं दिसू नये म्हणून वर नुसतीच घुंडी बसवली आहे. फिरते, करत काही नाही. पाहुण्यांना फिरवून दाखवतो.

पैसे वाया गेले ते ब्रिजमध्ये (तारा टेकतात त्या पट्टीत). मूळ ब्रिजचे खांब इंची आट्यांचे, जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचे. मागवलेला ब्रिज चार मिलिमीटरच्या खांबांसाठीचा. बसला, पण डुगडुगायला लागला. लाकडात नवी भोकं पाडा असा सल्ला मिळाला, तो ऐकला नाही. जुनाच ब्रिज परत चढवला. त्यातली खोगिरं (प्रत्येक तारेखालचे छोटे तुकडे) धरून ठेवणारी बारीक तार गिटारची तिसरी तार वाजवली की अजून किरकिरते. खुंट्यांच्या मोठ्या झालेल्या भोकांत बसवायच्या कन्व्हर्जन बुशिंगबद्दल (भोक लहान करणाऱ्या कड्यांबद्दल) मात्र तक्रार नाही. क्लुसन पद्धतीच्या (जुन्या घडणीच्या) खुंट्या त्यात घट्ट बसल्या आहेत.

जुना हार्नेस एकही टाका न तोडता अख्खा काढला आणि बटर कुकीजच्या निळ्या डब्यात ठेवलाय. एका पॉटवर १३७६६३४ असा शिक्का आहे: १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, मग १९६६, चौतिसावा आठवडा. पुढेमागे गिटार विकायची वेळ आलीच तर डबा सोबत जाईल. घरात मात्र तो चारदा उघडला गेला आहे, सुईदोऱ्यासाठी.