नावडता अल्बम, आवडता अल्बम : 'मरून फाइव्ह'चे दोन काळ

सोलापुरात गिटार शिकणाऱ्या आमच्या मित्रमंडळीत 'मरून फाइव्ह' या अमेरिकी पॉप-रॉक बँडचा विषय निघाला, की बहुतेकजण २०१२ च्या 'ओव्हरएक्स्पोज्ड'ची बाजू घेतात. मी मात्र २००२ च्या 'साँग्ज अबाउट जेन'वर ठाम आहे. हा खपाविषयीचा आकस नव्हे, कारण पहिला अल्बमही जगभर लाखोंनी खपला आणि २००५ साली बँडला सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचे ग्रॅमी मिळाले.

फरक वादनात आहे. 'साँग्ज अबाउट जेन'मधल्या 'धिस लव्ह'च्या सुरुवातीला पियानोचे तुटक, कोरडे आघात येतात, त्यांना गिटार तितक्याच तुटकपणे उत्तर देते आणि बास व ड्रम्स यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, तिच्यातच गाण्याची सारी अस्वस्थता साठलेली असते. पाच माणसे एकमेकांचे ऐकून वाजवत आहेत, हे तिथे स्पष्ट जाणवते.

'ओव्हरएक्स्पोज्ड'ची सूत्रे मॅक्स मार्टिन या मातब्बर निर्मात्याकडे होती, तर पियानोची बाजू सांभाळणारा जेसी कार्मायकल त्या काळात बँडपासून दूर होता. 'पेफोन' थेट ध्रुवपदानेच सुरू होते. श्रोत्याला क्षणभरही वाट पाहायला लावायची नाही, हा हिशेब मला सलतो. 'वन मोअर नाइट' अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत नऊ आठवडे अव्वल राहिले आणि त्याचा ठेका पकड घेतो, हे निर्विवाद. पण त्यात गिटारवादकाने नेमके काय शिकावे, याचे उत्तर मला सापडत नाही. म्हणून नव्या मुलांना मी आधी 'धिस लव्ह'च बसवायला सांगतो.