‘टॉर्च नाही हो माझ्याकडे’: जुन्या एन्लार्जर लेन्सच्या व्यवहारात मी असा फसलो

लेन्स होती निकॉनची एल-निक्कोर, ५० एमएम, एफ/२.८; निगेटिव्हवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरला लावायची. विकणाऱ्याने फोटो भरपूर पाठवले, सगळे समोरून, काच चकचकीत. मागून टॉर्च धरून एक फोटो काढाल का, असं मी विचारलंही होतं. "टॉर्च नाही हो माझ्याकडे. पण काच एकदम क्लीन, गॅरंटी माझी." मोबाइलवर फोटो काढणाऱ्या माणसाकडे टॉर्च नाही! पण मला सहा काचांची लेन्स हवी होती, आणि हव्यासापुढे माझं डोकं चाललं नाही.

प्रिंट मरगळलेले यायला लागले. पांढरं पांढरं राहीना. कागद जुना असेल म्हणून नवं पाकीट फोडलं, डेव्हलपर (कागदावर चित्र उमटवणारं रसायन) ताजा कालवला, सेफलाइटखाली, म्हणजे डार्करूमच्या मंद दिव्याखाली, कागदावर नाणं ठेवून पाहिलं, तर ठसा नाही; म्हणजे दिव्याचाही दोष नाही. काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवायला कॉन्ट्रास्ट फिल्टर दोनवरून साडेतीनवर, मग चारवर. यात तीन आठवडे गेले. परत करायची मुदत होती सात दिवस.

शेवटी लेन्स काढली, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडलं आणि मागून टॉर्च तिरका धरला. आत दुधाळ थर, कडेला बुरशीचे तंतू. कॅमेऱ्यात असं धुकं सावल्या फिक्या करतं. एन्लार्जरमध्ये उलटं होतं: निगेटिव्हच्या पारदर्शक भागातला उजेड विखरून प्रिंटमधल्या पांढऱ्यावर सांडतो आणि ते करडं पडतं. म्हणून संशय कागदावर जातो, लेन्सवर नाही.

प्रिंटचा एक कोपरा ॲपर्चर एफ/८ पर्यंत बारीक करूनही मऊ, म्हणजे अस्पष्ट येत होता, त्यासाठी मी एन्लार्जरची पातळी तपासत बसलो होतो. लेन्स अर्धा आटा सैल करून पुन्हा फोकस केलं, तर मऊपणा विरुद्ध कोपऱ्यात गेला. म्हणजे काचच तिरकी बसलेली. मग समोरच्या रिंगच्या खाचा नीट पाहिल्या. त्यांवर ताजे ओरखडे होते. कुणीतरी लेन्स उघडून हाताला लागलं तेवढंच पुसलं होतं. हे विचारल्यावर "प्रवासात वाफ धरली असेल" असं उत्तर आलं, आणि नंतर फोन उचलणंच बंद.

आता त्याच कंपनीची चार काचांची एफ/४ घेतली आहे. खोका नाही, आत धुळीचे दोन-चार कण आहेत. ते प्रिंटमध्ये दिसत नाहीत. टॉर्चचा फोटो मात्र विकणाऱ्याने न मागता पाठवला होता. तेच निगेटिव्ह लावलं, फिल्टर पुन्हा दोनवर आला.